दातांत धरलेली काडी

सकाळी सव्वादहाच्या सुमाराला संघप्रियाने द्रोणागिरीतल्या एका गोदामाचं गेट उचलून मागच्या गल्लीत नेलं, आणि तेवढ्यात तिच्या तोंडात कट्ट झालं. गेट नकाशावरचं होतं, आवाज मात्र खरा होता. पोह्यांत खडा लागावा एवढाच. पण पोहे खाऊन दीड तास होऊन गेला होता, आणि तिची आई चांगुणाबाई हिच्या पोह्यांत खडा लागला असं म्हणायची घरात आजवर कोणाची छाती झालेली नव्हती. संघप्रियाने तोंडातली काडी लॅपटॉपशेजारच्या खाचेत सोडली आणि जीभ वरच्या दातांवरून हळूच फिरवली. समोरच्या दोन दातांपैकी डाव्याचा कोपरा जागेवर नव्हता. तो जिभेवर होता, टोकेरी आणि हलका. थुंकावा तर समोर लॅपटॉप, मान खाली घालून टाकावा तर अंगावरची ओढणी, आणि उचलून बाजूला ठेवायला हात नव्हते. म्हणजे हात होते, मांडीवरच्या उशीवर व्यवस्थित ठेवलेले होते, आईने कालच नखंही कापली होती. सहा वर्षं झाली, ते ठेवले तिथेच राहत. तिने तो तुकडा जिभेने गालात सरकवला आणि पुढचं गोदाम बघायला घेतलं. मग लक्षात आलं की काडी उचलायची तर तोच दात लागतो.

त्या दांडीला घरात काडीच म्हणत. तिचं जे काय इंग्रजी नाव होतं ते आईच्या जिभेवर कधी बसलं नाही. हातभर लांब हलकी दांडी, एका टोकाला रबर, दुसऱ्या टोकाला चावून धरायला नळीचा तुकडा. मानेतला मज्जारज्जू चेपल्यावर संघप्रिया खांद्यांपर्यंतचीच माणूस उरली होती, आणि या काडीने ती पुन्हा थोडी बाहेर पडली होती. काडीने ती टाइप करायची, फोन उचलायची आणि, त्याहून मोलाचं म्हणजे, फोन कापायची. ऐरोलीच्या एका कंपनीसाठी ती पत्ते तपासायची. माल घेऊन जाणाऱ्या गाड्यांना नकाशावर जिथे गेट दिसतं तिथे ते खरंच आहे का, की चालकाला उसाच्या रसाच्या गाडीपाशी नेऊन उभं करतं, हे बघायचं काम. सीवूड्सजवळच्या सिडकोच्या तळमजल्यावरच्या दीड खोलीत बसून ती अर्ध्या नवी मुंबईची गेटं जागेवर लावत होती. नव्या पोरांना नवल वाटायचं. "मॅडम, तुमाला एवढं कसं माहिती? तुमी जाऊन बघता काय?" असं एकाने फोनवर विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "रोज जाते." त्यात खोटं काही नव्हतं. द्रोणागिरीच्या गोदामात पाच वर्षं सुपरवायझर होती ती. त्या वेळी चिकटपट्टी फाडायला कटर सापडत नसे, तेव्हा ती सरळ दात लावायची, आणि सगळी शिफ्ट तिला कटरताई म्हणायची. चिंचेचे आकडे, सोड्याच्या बाटल्यांची बुचं, नव्या चादरींचे टाके, सगळं तिने दातांनी उघडलं होतं. स्कूटर घसरली त्या दिवशी, रस्त्यावर कोणाच्या तरी ट्रेलरचं ऑइल सांडलेलं होतं तिथे, मान गेली, पाठ सोलली, गुडघ्याची वाटी सरकली, आणि शुद्धीवर आल्यावर एका डॉक्टरने उजेड मारून तोंडात बघितलं आणि म्हणाला, "कमाल आहे, एकही दात हललेला नाही." तेव्हा तिला त्या माणसाचा संताप आला होता. आता जीभ त्या तुटक्या कोपऱ्यावरून पुन्हा पुन्हा जात होती आणि तिला तो डॉक्टर आठवत होता.

तिला भीती वाटत होती, साधी, सरळ भीती. मागच्या दोन महिन्यांपासून काडी चावली की दात आंबल्यासारखे व्हायचे. हिरड्यांतून रक्त यायचं, नळीच्या तुकड्यावर लाल कड दिसायची. तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं. तिच्या अंगाची इतकी चौकशी रोज चालायची, पिशवीत लघवी किती, तिचा रंग कसा, पाठीला कुठे लाल झालंय का, पोट साफ झालं का, की एखादी गोष्ट तरी आपल्यापाशी असावी असं तिला वाटायचं. हॉस्पिटलात आणि नंतर घरी, किती हात तिच्या अंगावरून गेले याची मोजदाद नव्हती. चांगले हात होते, त्यांना दोष द्यायचं कारण नव्हतं. पण विचारून कोणी येत नसे. तोंड तेवढं असं होतं की ते बंद करता यायचं. आई सकाळी ब्रश घेऊन आली की संघप्रिया दात मिटून घ्यायची. आई भांड्याला हात मारावा तसा समोरून दोन वेळा ब्रश फिरवायची, तिला ठसका लागेल या धास्तीने आत घालायचीच नाही, आणि संघप्रियालाही ते बरंच वाटायचं. आई स्वतः सकाळी मिश्री लावून दारात उकिडवी बसायची, निवांत, बोटाने हिरडी चोळत, तेव्हा तिच्याशी कोणी बोललेलं तिला खपत नसे. स्वतःच्या तोंडात स्वतःचं बोट घालून बसलेल्या आईकडे बघताना संघप्रियाला कधीकधी नुसता मत्सर वाटायचा.

आई बाहेरून कपडे वाळत घालून आली. संघप्रियाने गालातला तुकडा आणखी आत दाबला. आईने तिची मान सरळ केली, पायापाशी टांगलेली पिशवी बघितली, आणि नेहमीप्रमाणे डब्यातून खडीसाखरेचा खडा काढून तिच्या ओठांपाशी आणला. लघवी ताब्यात राहावी म्हणून जी गोळी होती तिने तोंड कोरडं पडायचं, जीभ टाळूला चिकटायची. त्यावर हा आईचा उतारा. दिवसातून चारपाच वेळा, आणि झोपताना एक गालात ठेवून. संघप्रियाने तोंड उघडलं नाही.

"घे की. कामून तोंड मिटलंस?"

"नको."

"नको कामून? बोलताना जीभ चिकटू लागली तुझी."

संघप्रियाने मान वळवली. खडा ओठांवरून हनुवटीवर आणि तिथून ओढणीत पडला. मग तिने आईच्या पसरलेल्या तळहातावर जिभेने तो दाताचा तुकडा ढकलला. आईने तो उजेडात धरला. आधी तिला वाटलं, साखरच आहे.

"दात हाय का हा?"

"हो."

"काय होत नाय माय," आई म्हणाली. "दात जातेतच. माझे बाविसाव्या वर्षापासून गेलेत, रोहनच्या वेळंला तर दोन एकदम गेले. काही अडलं का माझं?"

तुझं अडलं नाही, कारण तू भाकरी हाताने मोडतेस, असं संघप्रियाच्या अगदी ओठांवर आलं होतं. उजव्या बाजूच्या सुळ्यात काडी पकडून तिने दुपारपर्यंत सात गेटं लावली. मान वाकडी धरून ठेवल्याने खांद्यात गोळा आला, पण सात म्हणजे सात.

रोहन, तिचा धाकटा भाऊ, संध्याकाळी कामावरून आला तो दाराशीच, बूट न काढता उभ्या उभ्या फोन लावत सुटला. एका दवाखान्यात व्हीलचेअर म्हटल्यावर दुसरा मजला निघाला. दुसऱ्याने पेशंटला खुर्चीत शिफ्ट करता येत नसेल तर रिस्क नको, म्हणून हात वर केले. तिसऱ्याने फोटो मागवला, बघितला, आणि फारच आपुलकीने सांगितलं, "सगळेच खराब दिसतायत. वरचे सगळे काढून टाकू आणि कवळी देऊ. त्यांना तसंही काय, मऊच खायचं असेल ना?" फोन स्पीकरवर होता. रोहनने घाईने बटण शोधलं, पण संघप्रियाने सगळं ऐकलं होतं. कवळीत काडी धरून बघितलेला माणूस कोणी तिला भेटला नव्हता, पण कवळी हलते एवढं तिला आईच्या बहिणीवरून माहीत होतं. हलणाऱ्या दातांनी काडी उचलायची, आणि ती खाली पडली की हाक मारायची, आई यायची, काडी पुसून तोंडात द्यायची, पुन्हा पडायची. दोन महिने कंपनी थांबेल, तिसऱ्या महिन्यात ऐरोलीहून कोणीतरी अत्यंत सभ्यपणे फोन करेल. आणि तो फोन कापायलासुद्धा आईला बोलवावं लागेल. तिला दरदरून घाम यायला हवा होता, पण घामही आता फक्त कपाळावर येत असे.

"रोहन, चौथा लाव," ती म्हणाली.

"ताई, टेन्शन नको घेऊ, उद्या सुट्टी टाकतो—"

"उद्या टाक. आत्ता चौथा लाव."

चौथी डॉक्टर भाविका. सीवूड्सला, स्टेशनपासून आत, औषधाच्या दुकानाशेजारी तळमजल्यावर, मध्ये फक्त एक पायरी. तिने कवळीचं नाव काढलं नाही. तिने विचारलं की दुखापत कुठल्या मणक्याला आहे, गोळ्या कुठल्या चालू आहेत, आणि पेशंट स्वतः बोलू शकतात का, मग त्यांच्याशीच बोलते. संघप्रियाला एवढं बरं वाटलं की तिला स्वतःचाच राग आला. आपल्याशी बोलले याचेही आपण उपकार मानायला लागलो.

शनिवारी ते गेले. रोहनने आणि दुकानातल्या माणसाने खुर्ची पायरीवरून चढवली. दवाखान्याची खुर्ची बाजूला राहिली; संघप्रियाची व्हीलचेअरच मागे कलती करून डॉक्टरने डोक्याखाली उशी दिली आणि स्वतः उभी राहिली. "पाणी घशात जाईल अशी भीती वाटली तर डोळे दोनदा मिटा, मी थांबेन. तोंड तुमचं आहे," ती म्हणाली. संघप्रियाने तोंड उघडलं, सहा वर्षांनंतर स्वतःहून आणि पूर्ण. आरशात दिव्याच्या उजेडात तिला आपले दात दिसले, आणि हिरडीलगत तपकिरी खाचा, एकाखाली एक. डॉक्टर बराच वेळ बघत होती. मग तिने विचारलं, "गालात काय ठेवता तुम्ही? गोड काही? ही कीड एका बाजूला जास्त आहे."

चांगुणाबाईच्या मांडीवर कापडी पिशवी होती, आणि पिशवीत डबा होता, वाटेत तोंड सुकलं तर असावा म्हणून आणलेला. तिने पिशवी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"खडीसाखर," शेवटी तीच म्हणाली. "मी देते डाक्टरीनबाई. तिचं तोंड वाळून जातंय."

"दिवसातून किती वेळा?"

आईने पिशवीवरचा एक हात उचलून पाच बोटं दाखवली. रोहन जमिनीकडे बघत होता. "आणि पाणी किती पितात?" डॉक्टरने विचारलं. "पाणी भरपूर देते," आई घाईने म्हणाली. "सारखी विचारत असते मी." संघप्रियाने छताकडे बघितलं. आई पाणी विचारायची हे खरं होतं. ती दोन घोट घ्यायची आणि बस म्हणायची, हेही खरं होतं, आणि ते का म्हणायची हे फक्त तिला माहीत होतं. ती तेव्हा गप्प राहिली याचं तिला पुढे चार-पाच दिवस वाईट वाटत राहिलं.

डॉक्टरने पहिला दात कोरायला घेतला, आणि पाचएक मिनिटांत संघप्रियाचं डोकं फुटायला लागलं. कपाळ, कान, मान, सगळं पेटल्यासारखं गरम झालं, घामाचे ओघळ डोळ्यांत आले. डॉक्टरचा चेहरा उतरला, तिने हात मागे घेतला, रोहन "ताई, ताई" करत उभा राहिला. संघप्रियाला मात्र हे ओळखीचं होतं. खाली कुठेतरी शरीराला काहीतरी सलत होतं, ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं, म्हणून ते असं डोक्यातून ओरडत होतं. तिने दोनदा डोळे मिटले आणि तोंडातली थुंकी ओढणारी नळी काढताच एकेक शब्द नीट सांगितला. "मला सरळ बसवा. रोहन, लघवीची नळी बघ. कुठेतरी दबली असेल." खुर्ची मागे कलती करताना नळी पायाखालच्या पट्टीत चिमटली होती. रोहनने ती मोकळी केली. पिशवीत पिवळं पाणी उतरलं, डॉक्टरने दंडाला पट्टा लावून रक्तदाब मोजला, थोड्या थोड्या वेळाने पुन्हा मोजला, आणि वीस मिनिटांनी आकडा खाली आला तशी डोकेदुखीही उतरली.

"आज इथेच थांबू या," डॉक्टर म्हणाली. तिचा आवाज अजून सावरला नव्हता. "पुढच्या आठवड्यात बघू."

"नाही," संघप्रिया म्हणाली. "माझा दाब उतरलाय. नळी मोकळी आहे. दात अर्धा कोरून ठेवून मी घरी जाणार नाही."

"अगं पोरी, ऐक की—" आईने मध्ये तोंड घातलं.

"आई, थांब. डॉक्टर, तुम्ही सुरू करा. मी पुन्हा डोळे मिटले तर थांबा."

डॉक्टरने पुन्हा दाब मोजला, क्षणभर तिच्याकडे बघितलं, आणि हातमोजे बदलले. त्या दिवशी समोरचे दोन्ही दात भरून झाले. मागचा एक काढावा लागणार होता, आणखी दोन दातांचं बघू, असं डॉक्टर म्हणाली. समोरचे टिकतील, पण एका अटीवर: दोन वेळा नीट ब्रश, आतून, हिरडीलगत; गोड बंद; आणि पाणी, तहान लागायची वाट न बघता. नाहीतर सहा महिन्यांत ते जातील, आणि तेव्हा माझ्याकडेही कवळीशिवाय दुसरा उपाय नसेल, असं तिने बजावलं. काडीसाठी तिने वरच्या सगळ्या दातांवर बसेल अशा साच्याचं माप घेतलं. सगळा भार एका दातावर टाकून तुम्ही सहा वर्षं काम केलंत, म्हणाली, तो दात बिचारा इतकी वर्षं टिकला कसा याचंच मला नवल वाटतंय.

घरी आल्यावर आईने खडीसाखरेचा डबा मोरीत रिकामा केला आणि वरून पाणी ओतत राहिली, विरघळेपर्यंत. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती बोलली नाही. सोमवारी सकाळी ती मिश्री न लावताच भाकऱ्या थापायला बसली. संघप्रियाने ते बघितलं. रोहनने मोबाईल धरायचा वाकणारा स्टँड टेबलाला आवळून त्याच्या चिमट्यात ब्रश बसवला होता, तिच्या तोंडासमोर, तिनेच सांगितल्याप्रमाणे. ब्रश जागेवर राहणार आणि ती मान हलवणार. पहिल्या दिवशी ब्रश नाकात गेला. दुसऱ्या दिवशी चिमटा ढिला होऊन तो फेसासकट मांडीवर पडला, आणि आईने उचलून "आण, मी घासते" म्हटलं तेव्हा संघप्रिया अशी ओरडली की शेजारच्या रंगूबाईने खिडकीतून डोकावलं. तिसऱ्या दिवशी डावी बाजू जमली, उजवी नाही. मान भरून यायची, खांदे थरथरायचे, एवढ्याशा कामाला वीस मिनिटं लागायची. संघप्रियाने सकाळी अर्धा तास आधी उठवायला सांगितलं. या कामाला वीस मिनिटं लागतात हे एकदा ठरवलं की मग ती वीसच मिनिटं असतात.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, आई पिशवी रिकामी करायला खाली बसली. पिशवीची तोटी जमिनीलगत असायची, म्हणून तिला दर वेळी फरशीवर मांडी मोडून बसावं लागायचं. उठताना तिने पलंगाचा कोपरा धरला आणि तिच्या गुडघ्यात कट्ट झालं. सहा वर्षं संघप्रिया तो आवाज ऐकत आली होती. जेवढं पाणी, तेवढ्या वेळा तो आवाज. म्हणून दोन घोट आणि बस. आईने तोंड सुकतंय बघून साखर दिली आणि हिने गुडघे वाजतात ऐकून पाणी सोडलं. दोघी एकमेकींना जपत होत्या आणि मध्ये तिचे दात चालले होते.

"आई," ती म्हणाली, "साखरेने नाही झालं नुसतं. मी पाणी पीत नव्हते. तू विचारायचीस आणि मी मुद्दाम नको म्हणायची. दवाखान्यात मी बोलले नाही."

"कामून गं?"

"तुझे गुडघे वाजतात."

आई पलंगाचा कोपरा तसाच धरून उभी राहिली. मग ती एकदम चिडली, शनिवारपासून साठलेलं सगळं घेऊन. "माझ्या गुडघ्यांची काळजी तुला कोनी सांगितली? मी बोलले का कधी? सहा वर्षं तू माझ्यापाई तहानलेली राहिलीस, अन् मी तुझ्या तोंडात साखर कोंबू लागले. काय म्हनावं तुला! तोंड हाय ना तुझं? मग बोलायचं की तोंडाने!" बोलता बोलता तिचे डोळे भरले आणि तिने ते पदराने रागारागाने पुसले.

"आता बोलतेय ना," संघप्रिया म्हणाली. "रोहनला सांगितलंय, संध्याकाळी बसकं स्टूल आणतोय. तू फरशीवर बसायचं नाहीस. मीही पाणी सोडणार नाही."

मग ती ब्रशकडे वळली. मान पुढे केली, ओठ उघडले, मागच्या दाढेपाशी ब्रशचे केस टेकेपर्यंत गाल बाजूला केला आणि डोकं लहान लहान हलवायला लागली. आई तिच्यामागे उभी होती. तिचे हात पुढे यायचे, पदरात जायचे, पुन्हा पुढे यायचे. शेवटी तिने ते पाठीमागे घेऊन एकमेकांत गुंतवले. उजवी बाजू झाली. आतली झाली. समोरचे दोन, भरलेले, सगळ्यात शेवटी, हलक्या हाताने म्हणावं तर हात नव्हता, पण हलकेच. फेस हनुवटीवरून ओघळून गळ्यातल्या रुमालावर पडला. तिने पुढ्यातल्या तसराळ्यात स्वतः थुंकलं. थोडं रक्त होतं, कालच्यापेक्षा कमी.

"आई, पाणी दे," ती म्हणाली. "मोठ्या तांब्यातून."

आईने माठातून तांब्या भरला आणि त्यात पिण्याची नळी सोडून तिच्या ओठांत दिली. संघप्रिया प्यायला लागली. दोन घोट झाले, तशी आई सवयीने नळी काढायला वाकली. संघप्रियाने नळी दातांत धरून ठेवली.

"पिशवी भरंल," आई म्हणाली.

नळी न सोडता संघप्रियाने डोळ्यांनीच सांगितलं, भरू दे. आणि तांब्याचा तळ वाजेपर्यंत ती पीत राहिली.